कोशाला कोण सांगतं, 'वेळ झाली'?

(ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय.)

कुणी एसटीत असाल, कुणी भांडी घासत असाल, कुणी अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून चोरून ऐकत असाल. सगळ्यांचं स्वागत. आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण तिच्यात राजा नाही, लढाई नाही. एक किडा आहे, आणि त्याच्या पोटातल्या एका रेणूचा माग काढणारी बरीच माणसं आहेत. सुरुवात मात्र घोडेगावच्या बाजूला, माझ्या मामाच्या बांधावरच्या बोरीपासून.

जानेवारीत बोरं काढायला गेले होते. हाताला काटे लागत होते, आणि त्यात एक विचित्र वस्तू लागली. लहान अंड्याएवढी, राखाडी-पिवळट, दगडासारखी टणक. तिला वर एक देठ होता आणि त्या देठाने फांदीभोवती अंगठीसारखं कडं घातलं होतं. ओढून निघेना. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, कोसला आहे तो. असाच लोंबत राहतो. पाऊस पडला की फुटतो."

मी फांदीसकट तोडून घरी आणला आणि पडवीत टांगला. आजी म्हणाली, "हे काय गं घरात आणलंस? उद्या त्यातनं काही निघालं म्हणजे?" म्हटलं, आजी, त्यासाठीच तर आणलंय!

फेब्रुवारी गेला. मार्च, एप्रिल गेला. मे महिन्यात पडवीचा पत्रा असा तापला की मला वाटलं, आतला जीव मेला असणार. कान लावून पाहिलं, हलवून पाहिलं, काही नाही. आणि जूनमध्ये, मृगाचा पहिला पाऊस झाला त्या रात्री, कोशाचं टोक ओलं झालं, मऊ पडलं आणि त्यातून तळहाताहून मोठा पतंग बाहेर आला. पंखांवर चार काचेसारखे गोल डोळे. हा टसर रेशमाचा पतंग.

मला वाटलं, मामाचं खरं ठरलं. पाऊस पडला, कोश फुटला. पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं कळायला माणसांना दीडशेहून जास्त वर्षं लागली.

त्या दीडशे वर्षांची सुरुवात योगायोगाने आपल्याच भागात होते. विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारने त्याला दख्खनची माहिती गोळा करायला नेमलं होतं: पिकं, माणसं, पाऊस, पक्षी, मासे, सगळंच. जुन्नरची लेणी तुम्ही पाहिली असतील. तिथले शिलालेख उतरवून घेऊन लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात पाठवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी हा एक. १८३७ मध्ये ते छापले गेले. आणि त्याच माणसाने त्याच संस्थेसाठी दख्खनच्या रानटी रेशीमकिड्यावरही एक लेख लिहिला. त्याने किड्याचं नाव लिहिलंय 'कोलिसुरा'. लोक या कोशाची लांब पट्टी कापून काढत आणि तिने तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला आवळून बांधत, अशी नोंद त्याने केली. विचार करा, रेशमाचा कोश आणि त्याचा उपयोग बंदुकीला!

साइक्सने किडा पाहिला, खाणं पाहिलं, कोश पाहिला. पण कोश फुटायची वेळ कोण ठरवतं, हा प्रश्न तेव्हा विचारायचीही सोय नव्हती.

तो प्रश्न पुढे पोटापाण्याचा झाला. १८७० नंतरच्या काळात मेजर कूसमेकर नावाच्या अधिकाऱ्याने पुण्याच्या परिसरात टसर पाळायचे प्रयोग केले. इंग्लंडात थॉमस वॉर्डल हा रंगारी-उद्योजक भारतातल्या रानटी रेशमांचा ध्यास घेऊन बसला होता, त्यामुळे अशा प्रयोगांकडे बरंच लक्ष होतं. पण पुण्यात हा धंदा काही रुजला नाही. आज महाराष्ट्रात टसर म्हटलं की आपण विदर्भाकडेच पाहतो: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. तिथे ढिवर समाजाची कुटुंबं ऐनाच्या झाडांवर हे किडे वाढवतात.

टसर पाळणाऱ्याला विचारा, सगळ्यात मोठी डोकेदुखी कुठली? बियाण्यासाठी राखलेले कोश एका वेळी फुटत नाहीत. एक आज, दुसरा आठ दिवसांनी, काही तर पावसाच्या आधीच. पतंगाला तोंडाने खाता येत नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. म्हणजे नर आज निघाला आणि मादी पंधरा दिवसांनी निघाली, तर त्यांची भेटच नाही. अंडी नाहीत, म्हणजे पुढचं पीक नाही. कोशाचं घड्याळ चुकलं की माणसाचं चुलीचं गणित चुकतं.

तर मग हे घड्याळ आहे कुठे?

पहिला धागा पोलंडमध्ये सापडला, आणि तो खरोखरचा धागा होता. श्तेफान कोपेच नावाच्या शास्त्रज्ञाने १९१७ च्या सुमारास अळीच्या कमरेला दोरा आवळून बांधला. पुढचा भाग वेगळा, मागचा भाग वेगळा. लवकर बांधला, तर फक्त पुढचा भाग कोशावस्थेत गेला आणि मागचा अळीच राहिला. उशिरा बांधला, तर दोन्ही भाग बदलले. म्हणजे डोक्याकडून काहीतरी मागे वाहत येत होतं. त्याने मज्जातंतू तोडून पाहिले, काही फरक पडला नाही. मेंदू वेळेआधी काढला, तर मात्र बदल थांबला. निष्कर्ष असा, की निरोप तारेतून नाही, रक्तातून जातो. तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नाही. किड्याचा मेंदू हार्मोन सोडतो, म्हणे!

१९४० मध्ये जपानात फुकुदा यांनी रेशीमकिड्याच्या छातीत एक ग्रंथी दाखवली, जी त्या निरोपातला दुसरा टप्पा होती. आणि १९४० च्या दशकातच अमेरिकेत हार्वर्डला कॅरोल विल्यम्स यांनी आपल्या टसरच्या नात्यातल्या एका मोठ्या पतंगावर काम केलं. त्याचा कोशही महिनोन् महिने झोपतो. विल्यम्स यांनी दाखवलं, की झोपलेल्या कोशात मेंदू गप्प बसलेला असतो. थंडी सोसलेला मेंदू झोपलेल्या कोशात बसवला, तर कोश जागा होतो. मेंदू छातीतल्या ग्रंथीला सांगतो आणि ती ग्रंथी अख्ख्या शरीराला सांगते. दोन टप्प्यांचा हुकूम.

पुढे १९६४ मध्ये त्यांनी आणि अ‍ॅडकिसन यांनी चिनी टसरच्या कोशातल्या प्युपावर अजून एक गंमत दाखवली. त्याच्या डोक्यावर मेंदूच्या बरोबर वर एक पारदर्शक ठिपका असतो, खिडकीच जणू. मेंदू तिथून दिवसाची लांबी मोजतो. म्हणजे बंद दारामागे बसून तो बाहेरचं पंचांग वाचत असतो.

आता प्रश्न असा, की ग्रंथी सांगते म्हणजे नक्की काय सोडते? इथे जर्मनीचे आडोल्फ बुटेनांट येतात. माणसाच्या लैंगिक हार्मोन्ससाठी १९३९ चं नोबेल मिळालेले. त्यांनी आणि पेटर कार्लसन यांनी रेशीमकिड्याचे प्युपा गोळा केले. किती? ५०० किलो! ते सगळे कुटून, गाळून, शुद्ध करत करत १९५४ मध्ये हातात आले २५ मिलिग्रॅम स्फटिक. पाचशे किलो म्हणजे दहा पोती कांदा, आणि त्यातून निघालं मिठाच्या बारीक चिमटीपेक्षाही कमी. त्या पदार्थाचं नाव एक्डायसोन. कात टाकायला लावणारा.

१९६५ मध्ये क्ष-किरणांनी त्याची रचना स्पष्ट झाली आणि सगळे चमकले. तो स्टेरॉइड निघाला. स्टेरॉइड म्हटलं की जिममधली इंजेक्शनं आठवतात ना? पण तो फक्त एका रासायनिक घराण्याचा आडनाव-शिक्का आहे. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, ताणात वाढणारं कॉर्टिसॉल, सगळे त्याच घराण्यातले. आणि हे घराणं कोलेस्टेरॉलपासून बनतं. आपण कोलेस्टेरॉल शरीरात तयार करू शकतो, किड्यांना ते जमत नाही. त्यांना पानातल्या स्टेरॉलवर भागवावं लागतं. म्हणजे माझ्या कोशाला जागं करणाऱ्या हुकमाचा कच्चा माल मामाच्या बोरीच्या पानातून आला होता.

बरं, आता या पदार्थाने करायचं काय? इथून गोष्ट जनुकांकडे वळते.

१८८१ मध्ये बाल्बियानी या शास्त्रज्ञाला एका डासासारख्या माशीच्या अळीच्या लाळग्रंथीत जाडजूड पट्टेदार दोरखंड दिसले होते. ही गुणसूत्रं. तिथे डीएनएच्या हजारो प्रती शेजारी शेजारी चिकटलेल्या असतात, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. त्यावर कुठे कुठे फुगवटे येतात. तव्यावरची भाकरी फुगताना पाहिलीत ना? सगळी एकदम फुगत नाही, आधी एका जागी पापुद्रा उचलतो. तसंच. जिथे फुगवटा, तिथलं जनुक उघडलंय आणि वाचलं जातंय.

१९६० मध्ये उलरिश क्लेव्हर आणि कार्लसन यांनी अशा अळीला एक्डायसोन टोचलं आणि गुणसूत्रांकडे पाहत बसले. तासाभराच्या आत ठरावीक जागी फुगवटे आले. अळी कोशात जायच्या वेळी निसर्गात येतात, त्याच जागी. एक हार्मोन थेट जनुक उघडतोय हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. लक्षात घ्या, जनुकं चालू-बंद कशी होतात याचा जाकोब आणि मोनो यांचा गाजलेला सिद्धान्त यायला तेव्हा अजून एक वर्ष होतं. माणसाच्या हार्मोन्सचं काम जनुकांवर चालतं ही समज पक्की व्हायला किड्याच्या थुंकीच्या ग्रंथीने मोठा हात दिला.

मग १९७० च्या दशकात केंब्रिजचे मायकेल अ‍ॅशबर्नर आणि त्यांचे सहकारी. फळमाशीच्या ग्रंथी बशीत ठेवून त्यांनी फुगवट्यांची वेळ मोजली. आधी सहा-सात फुगवटे लगेच येतात. काही तासांनी ते बसतात आणि शंभराहून जास्त नवे उठतात. त्यांनी पेशीचं प्रथिन बनवणं औषधाने बंद केलं. पहिले फुगवटे तरीही आले, पण ते बसेनात आणि दुसरे येईनात. म्हणजे काय? पहिल्या जनुकांपासून बनलेली प्रथिनं दोन कामं करतात: पुढच्यांना उठवतात आणि आपल्याला उठवणाऱ्यांना बसवतात. गावात दवंडी पिटली, आधी चार कारभारी जागे झाले, त्यांनी सगळ्या वाड्या-वस्त्या उठवल्या आणि मग स्वतः घरी गेले. १९७४ चं हे चित्र आजही पाठ्यपुस्तकात आहे.

ही दवंडी ऐकणारा कान १९९१ मध्ये सापडला. स्टॅनफर्डला डेव्हिड हॉगनेस यांच्या प्रयोगशाळेत एक्डायसोनचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, हाती लागला. तो पेशीच्या आत असतो आणि थेट डीएनएला धरून बसतो. हार्मोन येऊन चिकटला की शेजारची जनुकं उघडतात. एकट्याने त्याचं भागत नाही, जोडीला अजून एक प्रथिन लागतं. आणि त्या जोडीदाराचा चुलतभाऊ तुमच्या-माझ्या पेशीतही आहे.

इथे पेशींच्या संवादाच्या दोन्ही तऱ्हा एकाच किड्यात दिसतात. मेंदूचा निरोप म्हणजे प्रथिन. त्याला पेशीत शिरता येत नाही, तो दाराची कडी वाजवतो आणि आतले लोक एकमेकांना सांगत जातात. ती कडी फळमाशीत २००९ मध्ये ओळखली गेली. दुसरा एक्डायसोन, तो आत जाऊन थेट जनुकांशी बोलतो. बरीच वर्षं सगळे म्हणत होते, की स्टेरॉइडला दार लागत नाही, तो भिंतीतून झिरपतो. पण २०१८ मध्ये फळमाशीत त्याच्यासाठीसुद्धा एक खास दार असल्याचं दिसलं. म्हणजे अगदी जुनी, पक्की वाटणारी समजूतसुद्धा बदलते.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. दवंडी एकच, मग अळी कधी नुसती कात टाकून मोठी अळी होते आणि कधी कोशात जाते, हे कसं? त्याचं उत्तर विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात रक्त पिणाऱ्या ढेकणावर शोधलं. दुसरा एक हार्मोन आहे, बाल-हार्मोन. तो रक्तात असेल तर एक्डायसोनचा अर्थ होतो, 'कात टाक, पण अजून लहानच राहा.' तो ओसरला की त्याच दवंडीचा अर्थ होतो, 'आता मोठी हो.' आणि प्रत्येक पेशी ती आपल्या परीने ऐकते. रेशमाची ग्रंथी ऐकते आणि मरते. पंखाचा कोंब ऐकतो आणि वाढतो.

आता परत पडवीत या.

एक्डायसोन रक्तात वाढल्यापासून पतंग तयार व्हायला काही आठवडे लागतात. डोळे, पंख, पाय, मिशा, सगळं नव्याने घडायचं असतं. म्हणजे मृगाच्या रात्री माझा पतंग बाहेर आला, तेव्हा तो आत पूर्ण तयार होता. हुकूम सुटला होता मे महिन्यात. पत्रा तापत होता, मी कान लावून 'मेला' म्हणत होते, तेव्हा! आभाळात ढग नव्हता आणि आत शेकडो जनुकं उघडत होती. पाऊस ही फक्त शेवटची थाप होती. निर्णय त्याने कोरड्या दिवसांतच घेतला होता.

आणि माझी चूक? ती मादी होती. रात्रभर पडद्याला चिकटून बसली. अशी मादी गंध सोडते आणि नर लांबून आपल्या पिसासारख्या मिशांनी तो हुंगत येतो. पण मी तिला आमच्या नारायणगावच्या घरी आणून ठेवलं होतं, दिव्यांच्या आणि गाड्यांच्या मधे. कुणी आलं नाही. तिने पडद्यावरच अंडी घातली. मी ती काडेपेटीत ठेवून रोज बघायचे. एकही फुटलं नाही. आजी काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "तिथंच असू द्यायचं होतं गं तिला." तिच्या शरीराने वेळ बरोबर साधली होती. जागा मी चुकवली.

हे सांगण्याचं अजून एक कारण आहे. ही भाषा आता आपल्याला बोलता येते. १९८८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक असा पदार्थ जाहीर केला, जो स्टेरॉइड नाही, पण एक्डायसोनच्याच कानात जाऊन बसतो. त्यातून कीटकनाशकांचा एक नवा गट निघाला. अळीला खोटी दवंडी ऐकू येते. ती खाणं सोडते, वेळेआधी कात टाकायला घेते. पण खरा हार्मोन चढतो तसा उतरतोही, आणि उतरल्याशिवाय कात पूर्ण निघत नाही. खोटा उतरतच नाही. अळी जुन्या कातडीत अडकून मरते. आपल्या कडुनिंबातलं अ‍ॅझाडिरॅक्टिनही याच यंत्रणेत खोडा घालतं, फक्त वेगळ्या ठिकाणी. तिथे खरा हुकूमच नीट सुटत नाही. निंबोळी अर्क मारल्यावर अळ्या लगेच न मरता कात टाकताना अडकतात, त्यामागे हे मोठं कारण.

या गटातली औषधं बहुतेक अळीवर्गीय किड्यांनाच लागू पडतात, मधमाशीला सहसा नाही, कारण प्रत्येक गटाचा कान थोडा वेगळा. ही चांगली गोष्ट आहे. पण टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी, तुतीवरचा रेशीमकिडा आणि बांधावरचा टसर यांचे कान सारखेच. मामाच्या प्लॉटवर वाऱ्याच्या दिवशी फवारणी झाली, तर औषध सरीतच थांबेल असं नाही. शेजाऱ्याची तुती असेल, तर त्याची अख्खी बॅच जाऊ शकते. मामाला मी हे सगळं एकदा सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "टोमॅटो सोडून देऊ का मग?" नाही मामा. मीच कॅरेट भरायला येते, मला माहितीय अळीने काय होतं ते. पण तेव्हापासून तो वारा पडल्यावर, संध्याकाळी मारतो आणि बोरीच्या बाजूच्या दोन सऱ्या सोडतो. माझं इतकंच मागणं होतं.

तर मंडळी, यंदा जुन्नर-आंबेगावच्या रानात कुठे असा कोश लोंबताना दिसला, तर फोटो काढा, लोकेशन मनात ठेवा आणि हात न लावता पुढे जा. मेलेला वाटेल, पण तसं समजू नका. आत कुणीतरी दिवस मोजतंय.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!